चार-नऊची गाडी

चामड्याची पिशवी लावलेलं मोठं कडं खांद्यावरून काढून मित्सुएने ड्रायव्हरच्या खिडकीशी धरलं. शूझोने पांढरा हातमोजा घातलेला हात बाहेर काढून ते घेतलं, पिशवीतली पितळी चकती चाचपली, तिच्यावरचं मार्गाचं नाव बोट ठेवून मोठ्याने वाचलं. चार वाजून आठ मिनिटं झाली होती. तेवढ्यात नदीपलीकडच्या बोगद्यातून मुख्य मार्गावरची गाडी बाहेर पडल्याचा आवाज आला.

“आली बघ,” मित्सुए म्हणाली.

“मला कान आहेत, ताई.”

“चार मिनिटांत फलाटाला लागेल.”

“पिवळ्या रेषेच्या मागे हो.”

ती मागे झाली. बरोबर चार-नऊला दार लागलं आणि ती एका डब्याची गाडी बर्फाच्या दोन भिंतींमधून डोंगराकडे निघून गेली. चार-बाराला पलीकडच्या फलाटावर शहराची गाडी येऊन थांबली. उतरणारी माणसं आता धावतही नव्हती. गेल्या मार्चमध्ये वेळापत्रक बदललं, तेव्हा पहिले काही दिवस लोक पुलावरून पळत यायचे आणि रिकाम्या रुळांकडे बघत धापा टाकत उभे राहायचे. आता त्यांना सवय झाली होती. पुढची गाडी साडेसहाला.

नागुसा स्टेशनात दोन कंपन्यांचे मार्ग एकमेकांना मिळत. पहिला आणि दुसरा फलाट मोठ्या कंपनीचा, शहराच्या गाड्यांचा. पुलापलीकडचा तिसरा फलाट, त्यावरची लाकडी खोली आणि तिथून डोंगरातल्या हिवाता गावापर्यंत जाणारा एकेरी मार्ग छोट्या कंपनीचा. छोट्या कंपनीची नागुसातली सगळी माणसं म्हणजे बासष्ट वर्षांची मित्सुए कुनिएदा. तिकिटं तीच द्यायची, फलाटावरचा बर्फ तीच ओढायची आणि गाडीला कडंही तीच द्यायची. एकेरी रुळांवर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून तो जुना रिवाज या मार्गावर अजून चालू होता. पुढच्या शिराकुरा स्टेशनला फोन करायचा, लाल लोखंडी पेटीतून चकती काढायची, कड्याला लावलेल्या पिशवीत घालायची आणि ड्रायव्हरच्या हातात द्यायची. ते हातात आल्याशिवाय ड्रायव्हरने गाडी हलवायची नाही. चार-नऊच्या गाडीवर बहुतेक दिवस शूझोच असायचा. तो मित्सुएचा धाकटा भाऊ.

पुलाच्या पायऱ्यांवर काठीचा टक्‌टक्‌ आवाज आला. फुसाकाकू एकेक पायरी उतरत होत्या. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवायचे आणि मग पुढची. वय एक्क्याऐंशी. दर मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी त्या डायलिसिससाठी शहरातल्या हॉस्पिटलात जात. चार तास यंत्राला जोडून घेऊन परत निघाल्या की चेहरा ओल्या कागदासारखा दिसायचा.

“गेला का गं तुझा भाऊ?”

“गेला.”

“वेळेचा पक्का झालाय. शाळेत असताना रोज उशीर व्हायचा त्याला. माझ्या दुकानात खोडरबर घ्यायला थांबायचा आणि घंटा झाली की रडायचा.” त्या लाकडी खोलीत स्टोव्हजवळच्या बाकावर बसल्या आणि पट्टी बांधलेला डावा हात मांडीवर जपून ठेवला. “मला कसली घाई? घरी जाऊन तरी भिंतीकडेच बघायचं. इथल्या भिंतीवर निदान वेळापत्रक आहे वाचायला.”

“तुम्हाला राग कसा येत नाही हो काकू?”

“येतो की. पण राग आला की रक्तदाब वाढतो. रक्तदाब वाढला की ती नर्स माझ्यावर रागावते. एवढ्या सगळ्यांनी रागवायचं कशाला?”

मित्सुए हसली नाही. तिने स्टोव्हची वात वाढवली, कपात गरम चहा ओतून त्यांच्या बाजूला ठेवला आणि फावडं घेऊन बाहेर गेली. बर्फ फारसा पडलाच नव्हता. तरी ती फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फावडं आपटत गेली.

सव्वासहाला ती आत आली, तेव्हा फुसाकाकूंची हनुवटी छातीवर टेकली होती. चहा तसाच होता. आधी तिला वाटलं डोळा लागला असेल. मग तिला त्यांचे निळे पडलेले ओठ दिसले.

रुग्णवाहिका यायला सव्वीस मिनिटं लागली. तोवर मित्सुए जमिनीवर बसून त्यांचे पाय आपल्या मांडीवर उंच धरून होती. पोटऱ्या काठीसारख्या बारीक आणि बर्फासारख्या गार होत्या. साडेसहाची गाडी आली. मित्सुएने उठून कडं दिलं, परत येऊन पाय धरले. स्ट्रेचरवर चढवताना फुसाकाकूंनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, “तुला त्रास झाला गं.”

या वाक्याने मित्सुएचं डोकं भणाणून गेलं.

दुसऱ्या दिवशी तिने कंपनीच्या कचेरीत फोन लावला. वाहतूक विभागाचे प्रमुख हिरुकावा नेहमीच्या मऊ आवाजात बोलले. चार-नऊची गाडी सात मिनिटं पुढे ढकलली, तर शिराकुराला समोरून येणारी गाडी अडकते. तिची वेळ हलवली तर सकाळपासूनचा सगळा तक्ता हलतो. मुख्य मार्गाची गाडी पूर्वीसारखी लवकर आली तर प्रश्नच नाही, पण ती मोठ्या कंपनीची. त्यांच्या गाडीला जलद गाडी पुढे काढायला वाटेत थांबावं लागतं.

“मग त्यांना सांगा.”

“आम्ही त्यांच्या कानावर घातलंय, कुनिएदाबाई.”

“मी त्यांना फोन केला तर ते म्हणतात, तुमच्या कंपनीकडून आमच्याकडे काहीच आलेलं नाही.”

“म्हणजे... तशा अर्थाने लेखी नाही. बैठकीत विषय निघाला होता.”

“बाई मरता मरता वाचलीय, साहेब. माझ्या मांडीवर.”

“फार वाईट वाटलं ऐकून. मनापासून सांगतो. विषय विचाराधीन आहे.”

एप्रिलपासून तिने दोन्ही कंपन्यांना मिळून अकरा पत्रं पाठवली होती. अकरांना अकरा उत्तरं आली होती, सगळी सभ्य. तिने फोन ठेवला तो इतक्या जोरात, की भिंतीवरचं कॅलेंडर खाली आलं.

आठवड्याने फुसाकाकू परत आल्या. मित्सुएने त्यांना स्टोव्हजवळ बसवलं, गुडघ्यांवर स्वतःची शाल टाकली.

“मी आता गुरुवार सोडणार आहे,” फुसाकाकू म्हणाल्या. “दोनदा गेलं तरी पुरे.”

“डॉक्टर म्हणाले?”

“डॉक्टरांना कशाला सांगायचं? ते नाही म्हणतील.”

“काकू, आठवड्यातून तीनदा म्हणजे तीनदाच. त्यात सोडण्यासारखं काही नसतं.”

“हे बघ. यंत्रावरचे चार तास मी काढते गं. त्यानंतरचे हे सव्वादोन तास नाही निघत.” त्या पहिल्यांदाच हसण्यावारी न नेता बोलल्या. मग लगेच म्हणाल्या, “तुझा चहा मात्र बरा असतो.”

त्या रविवारी मित्सुए भावाच्या घरी जेवायला गेली. शूझोची बायको किमिएने मुळा आणि मासा शिजवला होता. पहिला घास पोटात जायच्या आधीच मित्सुएने विषय काढला.

“सात मिनिटं थांबलास तर आभाळ कोसळेल का?”

“झालं सुरू,” शूझो म्हणाला. “किमिए, भात वाढ तिला. तोंड भरलेलं असलं की जरा शांत असते.”

“मी गंमत करत नाहीये.”

“मीही नाही. शिराकुराला समोरची गाडी अडकेल. मला कागद लिहावा लागेल.”

“लिही मग. बोटं झिजतात का?”

शूझोने चॉपस्टिक खाली ठेवल्या. तो अठ्ठावन्न वर्षांचा होता. कानाजवळचे केस पांढरे झाले होते, पण गाल अजून पोरासारखे गोल होते. रागावला की ते लाल व्हायचे.

“सहा वर्षांपूर्वी मी थांबलो होतो. आठवतंय? शाळेची एक मुलगी पुलावरून पळत येत होती. दोन मिनिटं. तीन दिवस मला गाडीवरून उतरवून एका खोलीत बसवलं. टेबल, कोरे कागद आणि पेन. ‘का थांबलो’ ते लिहायचं. मी लिहिलं, मुलगी पळत होती. कागद परत. मी लिहिलं, बाहेर बर्फ पडत होता. परत. पुन्हा लिहा, आत्मपरीक्षण दिसत नाही. शेवटी काय लिहिलं माहितीये? ‘मला वेळेची किंमत कळत नाही, मी या कामाला लायक माणूस नाही.’ ते त्यांना आवडलं.”

किमिए बशीत मुळ्याचे तुकडे उगाचच हलवत राहिली. हे तिनेही बहुधा पहिल्यांदाच ऐकलं असावं.

“एकवीस महिने राहिलेत माझे,” शूझो म्हणाला. “मला ते गाडीवरच काढायचेत.”

“आणि फुसाकाकूंनी? त्यांनी किती काढायचे?”

“ताई.”

“गुरुवार सोडलाय त्यांनी. पुढे शनिवार सोडतील. मग तुझी गाडी अगदी वेळेवर सुटेल, कुणी पुलावर नसेलच.”

“तुझं काय आहे, तू रागावतेस आणि मोकळी होतेस!” शूझो ओरडला. “गाडी मी चालवतो. आरशात मला दिसतात ती माणसं. रोज दिसतात! तू रुळांना पाठ करून खोलीत जातेस, मी आरसा कुठे फिरवू?”

मित्सुएने बूट चढवले आणि न जेवता घरी आली. वाटेत ती स्वतःशीच मोठमोठ्याने भांडत होती. समोरून कुत्रा घेऊन येणारा माणूस रस्त्याच्या दुसऱ्या कडेला गेला.

पुढच्या शनिवारी चार वाजून पाच मिनिटांनी तिने शिराकुराला फोन केला. पलीकडून तिथल्या कर्मचाऱ्याचा, उशिओदाचा, घोगरा आवाज आला, “मार्ग मोकळा.” तिने पेटीतून चकती काढली, पिशवीत घातली, कडं खांद्यावर अडकवलं. फलाटावर गेली. शूझोने हात बाहेर काढला.

मित्सुए चार पावलांवर उभी राहिली.

“ताई, कडं.”

ती हलली नाही.

“चार-आठ झालेत.”

“माझ्याकडे घड्याळ आहे.”

हात बाहेरच होता. मग तो हळूहळू खाली आला. शूझो तिच्याकडे बघत राहिला. आधी त्याला वाटलं ती काही विसरली. मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याचा चेहरा उतरला. “वेडी आहेस का तू?” तो दबक्या आवाजात म्हणाला. “दे इकडे. ताई, दे म्हणतो ना!”

“घे ना येऊन. ओढून घे.”

चार-नऊ झाले. चार-दहा. डब्यातल्या एका माणसाने दारातून डोकं काढून विचारलं, “काय झालं हो? बिघाड आहे का?”

“नाही,” मित्सुए मोठ्याने म्हणाली. “बिघाड काही नाही. शहराच्या गाडीतून माणसं येतायत, ती आली की जाऊ.”

त्या माणसाने घड्याळ बघितलं, ओठ मिटले आणि आत जाऊन बसला. चार-बाराला शहराची गाडी आली. पुलावरून आधी दोन शाळकरी मुली आल्या. तिसऱ्या फलाटावर गाडी उभी बघून त्या जिन्यातच थबकल्या आणि एकमेकींकडे बघून धावत सुटल्या. मग भाजीची पिशवी घेतलेली एक बाई. आणि शेवटी, काठी टेकत, फुसाकाकू. वरच्या पायरीवरून त्यांनी गाडी पाहिली. घाई करू गेल्या तशी काठी घसरली. “सावकाश!” मित्सुए खालून ओरडली. “गाडी कुठे जात नाही. कडं माझ्याकडे आहे!”

चार-सोळाला फुसाकाकू डब्यात चढल्या. मित्सुएने कडं खिडकीत दिलं. शूझोने ते घेतलं. चकतीवरचं नाव वाचलं. तिच्याकडे त्याने पाहिलंच नाही.

खोलीत फोन खणखणत होता. “नागुसा, झालं काय?” उशिओदा विचारत होता. “इकडे गाडी खोळंबलीय.”

“मी कडं दिलं नव्हतं.”

“काय दिलं नव्हतं?”

“कळेल तुम्हाला,” म्हणून तिने फोन ठेवला, स्टेशनची डायरी उघडली आणि शाईने लिहिलं: “गाडी सात मिनिटं उशिरा. स्टेशन कर्मचाऱ्याने कडं रोखून धरलं. कारण चार-बाराचे प्रवासी.” खाली नावाचा शिक्का मारला. शिक्का सरळ उमटला. कित्येक महिन्यांनी तिला श्वास पुरता आत गेल्यासारखा वाटला. आता बोलवतील, विचारतील. विचारल्यावर ती सगळं सांगणार होती. अकरा पत्रं, स्टोव्ह, सव्वीस मिनिटं.

सोमवारी दुपारी हिरुकावा स्वतः आले. त्यांनी बाहेर पायपुसण्यावर बुटांचा बर्फ नीट झटकला, आत येऊन बसले, चहा घेतला. मग बॅगेतून एक कागद काढून डायरीशेजारी ठेवला.

“हा ड्रायव्हरचा अहवाल आहे. शनिवारचा.”

मित्सुएने वाचला. भावाचं अक्षर ती शाळेपासून ओळखत होती. “नागुसा येथे मागचं दार नीट लागत नव्हतं. तपासणीत सात मिनिटं गेली.”

“हे खोटं आहे,” ती म्हणाली.

“तंत्रज्ञांनी काल दार तपासलं. तसं काही सापडलं नाही. पण जुनी गाडी आहे, होतं असं. आपण यंत्रणा बदलून टाकतोय.”

“दाराला काही झालेलं नाही! मी कडं दिलं नाही. इथे लिहिलंय मी. शिक्का आहे.”

“तेच म्हणतोय.” हिरुकावांनी डायरीची कड टेबलाच्या कडेला समांतर केली. “दोन कागद, दोन कारणं. एक खरं धरलं तर दुसरं खोटं ठरतं. ड्रायव्हरने खोटा अहवाल दिला असं ठरलं, तर आमच्या नियमांत एकच शिक्षा आहे, कुनिएदाबाई. त्यांचं वयही आता...” त्यांनी वाक्य सोडून दिलं. “गडबडीत आपल्याकडून लिहिण्यात चूक होऊ शकते. माझ्याकडूनही होते.”

त्यांनी लाकडी पट्टी आणि लाल पेन तिच्यासमोर ठेवलं.

बाहेर छपरावरून बर्फाचा एक तुकडा घसरून धप्पकन पडला. हिरुकावा शांतपणे चहा पीत होते. त्यांना शिक्षा करायची नव्हती, भांडायचंही नव्हतं. त्यांना फक्त काही घडलेलं नको होतं.

तिने पट्टी ठेवली. ओळीवर दोन लाल रेघा मारल्या. दुरुस्तीचा छोटा शिक्का मारला. तो वाकडा उमटला.

“मी उद्या स्वतः चार-नऊने प्रवास करीन,” हिरुकावा उठत म्हणाले. “नवीन दार कसं चालतंय ते बघायला.”

संध्याकाळी शूझो घरामागे लाकडं रचत होता. मित्सुए सरळ तिथे गेली आणि त्याच्या हातातलं लाकूड ओढून फेकून दिलं.

“कुणी सांगितलं होतं तुला?”

“तुला कामावरून काढलं असतं.”

“काढू दे की! त्यासाठीच केलं होतं मी. काढताना त्यांना कारण लिहावं लागलं असतं. एक तरी कागद असता, ज्याच्यावर खरं कारण आहे. ते पुसलंस तू. माझ्या हाताने पुसायला लावलंस!”

“मी तुला वाचवलं, ताई.”

“मला वाचायचं नव्हतं!” तिचा आवाज फाटला. “दार म्हणे! एवढी माणसं पुलावर, आणि तुला दार सुचलं.”

“मला ती खोली सुचली,” शूझो म्हणाला. “तुला तिथे बसवतील, कोरे कागद देतील. तू काय लिहिशील ते मला माहीत होतं. आणि ते परत देतील. पुन्हा. पुन्हा. शेवटी तू काय लिहिशील, तेही मला माहीत आहे.”

“मी नसतं लिहिलं तसं.”

“मलाही तेच वाटलं होतं.”

मित्सुए परत फिरली. फाटकापाशी पोहोचेपर्यंत मागून लाकूड रचल्याचा आवाज आला नाही.

मंगळवारी ऊन पडलं होतं. पुलाच्या कठड्यावरून पाणी ठिबकत होतं. हिरुकावा चारच्या सुमारास आले, डब्यात चढून मागच्या दारापाशी उभे राहिले, दार दोनदा उघडून मिटायला लावलं, वहीत काहीतरी टिपलं. डब्यात आठ-नऊ माणसं होती. चार-आठला मित्सुएने कडं खिडकीशी नेलं. शूझोने ते घेतलं. चकतीवरचं नाव वाचलं. दोघांची नजरानजर झाली नाही. नदीपलीकडून बोगद्यातला आवाज आला.

ती आपणहून पिवळ्या रेषेच्या मागे गेली.

चार-नऊ झाले. दार उघडंच राहिलं.

मित्सुएने वर पाहिलं. शूझो समोर रुळांकडे बघत बसला होता. दोन्ही हात मांडीवर. मागून हिरुकावांनी विचारलं, “काय झालं? दार?”

“शूझो,” मित्सुए खिडकीपाशी आली. “चार-नऊ झालेत.”

त्याची नजर रुळांवरच होती.

“ऐकतोस ना? साहेब आत आहेत. शूझो, निघ.” तिला आपलाच आवाज ओळखू येईना. “वेड्यासारखं करू नकोस. तुझे महिने राहिलेत. सोड गाडी. गाडी सोड म्हणतेय ना मी!”

शूझोने घोषणेचा मायक्रोफोन उचलला. बटण दाबताना नेहमीसारखा खरखरीत आवाज झाला.

“प्रवाशांसाठी सूचना. ही गाडी चार-बाराच्या गाडीतून येणाऱ्या प्रवाशांसाठी थांबलेली आहे. आपला खोळंबा होतोय, त्याबद्दल क्षमा मागतो.” तो थांबला. श्वास घेतल्याचं सगळ्या डब्यात ऐकू गेलं. “दाराला काही झालेलं नाही. शनिवारीही काही झालं नव्हतं.”

त्याने मायक्रोफोन जागेवर ठेवला.

दारापाशी बसलेल्या एका बाईने शेजारच्या सीटवरची आपली पिशवी उचलून पायांशी ठेवली. हिरुकावांच्या हातातली वही उघडीच होती. “कुनिएदा,” ते शूझोला म्हणाले. तेवढ्यात शहराची गाडी फलाटाला लागली आणि त्याच वेळी लाकडी खोलीत फोन वाजू लागला.

मित्सुए खोलीकडे गेली. तिच्यामागे हिरुकावाही डब्यातून उतरून भराभर चालत आले. तिने फोन उचलला, तेव्हा ते दारात पोहोचले होते.

“नागुसा,” उशिओदा म्हणाला, “अजून कशी सुटली नाही? पुन्हा दारच का?”

हिरुकावांनी मान हलवली. एकदाच, हळू. “हो म्हणा,” ते दबक्या आवाजात म्हणाले. “बाई, त्यांच्यासाठी म्हणतोय. डब्यातल्यांचं मी बघतो. दार म्हणा.”

ते खरंच शूझोसाठी म्हणत होते. तेच तिला सहन होईना. खिडकीतून पूल दिसत होता. मुली उतरून डब्यात शिरल्या होत्या. फुसाकाकू जिन्याच्या मध्यावर होत्या. एका हातात काठी, दुसरा कठड्यावर. त्या खाली उभ्या गाडीकडे बघत नव्हत्या, फक्त पुढच्या पायरीकडे बघत होत्या. गाडीच्या खिडकीतून शूझोचं कोपर दिसत होतं.

“नागुसा? ऐकू येतंय का? कारण काय लिहू?”

“दार नाही,” मित्सुए म्हणाली. दारात उभ्या हिरुकावांकडे बघतच ती बोलत होती. “लिहून घ्या. माणसं पुलावर आहेत.”

“काय?”

“माणसं पुलावर आहेत. ड्रायव्हर थांबलाय. शनिवारी मी थांबवली होती, तेही लिहा. जसं सांगतेय तसंच लिहायचं, उशिओदा. एक शब्द इकडचा तिकडे नको.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“थांबा,” उशिओदा म्हणाला. “पेन घेतो.”